हेझल आणि दालचिनी : एकाचें फळ, दुसरीची साल

मुंबईंतील एखाद्या मोठ्या वाणसामानाच्या दुकानांत गेलें असतां दोन जिन्नस हल्लीं जवळजवळ मांडलेले आढळतात. त्यांपैकीं एक दालचिनी. ती आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वावरत आहे. गोडा मसाला असो, पुलाव असो, कीं सर्दी झाल्यावर उकळलेला काढा असो, तिच्यावांचून भागत नाहीं. दुसरा जिन्नस म्हणजे हेझलनट. हें रिठ्याएवढें, तपकिरी रंगाचें, टणक कवचाचें फळ आहे. आंतला गर भाजला म्हणजे त्याला असा खमंग वास सुटतो कीं, चॉकलेट करणाऱ्यांनीं त्याला कायमचें आपलेंसें करून टाकलें आहे. दोन्ही जिन्नस महाग. तेव्हां कोंकणांतल्या एखाद्या बागायतदाराच्या मनांत असा विचार येणें अगदीं स्वाभाविक आहे कीं, आपल्या नारळीच्या बागेंत मोकळी जागा पडून आहे, तींत हीं झाडें कां लावूं नयेत? आणि दोहोंपैकीं एकच लावावयाचें झालें तर तें कोणतें?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर भावाच्या पाटीवर मिळत नाहीं. भाजीपाल्यांत झालेली चूक तीन-चार महिन्यांत कळते आणि पुढच्या हंगामांत ती सुधारतां येते. झाडाची चूक कळावयास पांच-सहा वर्षें जातात. तेवढ्या काळांत जागा अडते, पाणी खर्च होतें, आणि गेलेलीं वर्षें कोणी परत देत नाहीं. म्हणून जाणता माळी झाड लावण्यापूर्वीं तीन गोष्टींची चौकशी करतो. ह्या झाडाचें मूळ घर कोठें आहे? त्याला वर्षांतून विसावा लागतो काय, आणि लागत असल्यास कसला? आणि त्याच्या अंगाचा कोणता भाग माणसाला हवा आहे? ह्या तीन प्रश्नांच्या आधारें हेझल आणि दालचिनी ह्या दोन झाडांची तुलना केली म्हणजे बागायतदाराचा निर्णय आपोआप होतो. शिवाय बाजारांत दालचिनी घेणाऱ्या गृहिणीलाहि उपयोगी पडेल असें बरेंच कांहीं हातीं लागतें.

प्रथम मूळ घराचा विचार करूं. हेझलचें शास्त्रीय नांव ‘कोरायलस आवेलाना’. दक्षिण इटलींत आवेल्ला नांवाचें एक जुनें गांव आहे, त्यावरून ह्या नांवाचा उत्तरार्ध आला. युरोप आणि पश्चिम आशिया हा ह्या झाडाचा मूळ प्रदेश. परंतु आज त्याच्या लागवडीची खरी राजधानी तुर्कस्तानच्या उत्तरेस, काळ्या समुद्राच्या कांठीं आहे. ओर्दू, गिरेसून, त्राब्झोन ह्या प्रांतांत डोंगर जवळजवळ सरळ समुद्रांत उतरतात, आणि त्या उभ्या उतारांवर हेझलच्या बागा दाटीनें पसरलेल्या आहेत. साऱ्या जगांत जितकें हेझलनट पिकतें, त्यापैकीं निम्म्याहून अधिक एकट्या तुर्कस्तानांत पिकतें. इटली, अझरबैजान, जॉर्जिया, अमेरिकेंतील ऑरेगन संस्थान आणि अलीकडे चिली हे त्यानंतरचे प्रदेश. नकाशा पुढें घेतला तर दिसून येईल कीं, ह्या बहुतेक बागा विषुववृत्तापासून सुमारें ३५ ते ४५ अंशांवरच्या पट्ट्यांत आहेत. तेथें हिवाळा थंड असतो, परंतु समुद्राच्या किंवा डोंगरांच्या आश्रयामुळें तो जीवघेणा नसतो. आणि उन्हाळाहि बेताचाच असतो.

दालचिनीचें शास्त्रीय नांव ‘सिनॅमोमम वेरम’. ‘वेरम’ म्हणजे लॅटिन भाषेंत ‘खरें’. हें विशेषण तिला कां द्यावें लागलें तें पुढें येईलच. श्रीलंका हें तिचें माहेर. त्या बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्याला नेगोंबोपासून गॉल व मातारापर्यंत जो ओला, दमट पट्टा आहे, तेथील दालचिनी जगांत उत्तम मानली जाते. हा प्रदेश विषुववृत्तापासून अवघ्या सहा-सात अंशांवर आहे. तेथें वर्षभर हवा उबदार असते, पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, आणि हिमकण कसा असतो हें तेथल्या झाडाला ठाऊक नाहीं. एकाचें घर काळ्या समुद्राकांठीं, दुसरीचें हिंदी महासागराकांठीं. ह्या एका गोष्टींतच अर्धें उत्तर आलें.

आतां विसाव्याचा प्रश्न. हेझल हें पानझडीचें झाड आहे. शरद ऋतूंत त्याचीं पानें गळतात आणि झाड झोंपीं जातें. ही झोंप नुसत्या दिवसांनीं पुरी होत नाहीं, ती थंडीनें पुरी होते. शून्य ते सात अंश सेल्सिअस एवढ्या थंडीचे ठराविक तास कळ्यांच्या वांट्यास यावे लागतात. जातीप्रमाणें हे तास कांहीं शेंपासून हजारापर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक असतात. हा हिशेब भरल्याखेरीज कळ्या नीट फुटत नाहींत. कोंकणांत एखाद्या पहाटे पारा पंधरा अंशांवर उतरला तरी अंगणांत शेकोट्या पेटतात. परंतु हेझलच्या वहींत त्या पहाटेची नोंद शून्यच होते. असें झाड किनाऱ्यावर लावलें तर तें कदाचित् कांहीं दिवस जगेल, चार पानें धरील. परंतु अर्धवट झोंप झालेल्या मुलासारखें तें नेहमीं पेंगत राहील. फळाची आशा तेथें करूं नये.

ह्या झाडाचें फुलणेंहि मोठें नवलाचें आहे. अंगावर एकहि पान नसतांना, ऐन हिवाळ्यांत, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तें फुलतें. नरफुलांचे पिवळसर तुरे फांद्यांवरून लोंबत असतात. मादीफूल इतकें लहान असतें कीं तें शोधावेंच लागतें. एका कळीच्या टोंकाशीं केशराच्या काड्यांसारखे दोन-चार लाल धागे बाहेर आलेले दिसतात, तेंच फूल. त्या थंडींत मधमाशी कोठली? म्हणून हें काम वारा करतो. तुऱ्यांतील पराग उडून त्या लाल धाग्यांवर पडतात, तेथें रुजतात, आणि मग थांबतात. कारण ज्या बीजांडाचें फलन व्हावयाचें, तें तोंपर्यंत तयारच झालेलें नसतें. चार-पांच महिने असे गेल्यावर, मे-जूनच्या सुमारास, खरें फलन घडतें. मग फळ झपाट्यानें वाढून ऑगस्ट-सप्टेंबरांत पिकतें.

ह्यांत आणखी एक मेख आहे. हेझल स्वतःचे पराग स्वीकारीत नाहीं. अंगणांतला एकटा पेरू फळांनीं लगडून जातो. एकटें हेझल मात्र वांझ राहतें. त्याच्या जवळ दुसऱ्या जातीचें झाड लागतें, आणि तेंहि त्याला मानवणारें, योग्य वेळीं पराग सोडणारें असावें लागतें. एकाच झाडापासून केलेलीं शंभर रोपें लावलीं, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तें शंभर ठिकाणीं उभें असलेलें एकच झाड होय. ज्याला हें ठाऊक नाहीं, त्याची बाग हिरवीगार असूनहि रिकामी राहते.

झोंपेंतून उठल्यावर ह्या झाडाला दुसरें भय असतें तें उशिरां आलेल्या हिमाचें. २०१४ सालीं मार्चच्या अखेरीस काळ्या समुद्राच्या कांठीं असेंच हिम पडलें. कोंवळी पालवी जळाली, त्या वर्षींचें पीक फार घटलें, आणि हेझलनटचे भाव साऱ्या जगांत कडाडले. निम्म्याहून अधिक माल एकाच किनाऱ्यावर पिकत असला म्हणजे तेथल्या एका रात्रीचें हिम दूरदूरच्या मिठाईवाल्यांनाहि बाधतें.

दालचिनीला अशी झोंप नाहीं. ती सदाहरित आहे. तिला नवी पालवी फुटते ती लालचुटूक. नवख्या माणसाला लांबून झाड फुलल्याचाच भास होतो. हळूहळू ती पानें हिरवीं होतात, आणि त्यांवरच्या तीन ठळक शिरा दिसूं लागतात. तिचीं फुलें बारीक, फिक्या रंगाचीं असून कीटकांकडून त्यांचें परागण होतें. पुढें जांभळट काळीं फळें येतात, तीं पक्षी आवडीनें खातात. परंतु शेतकऱ्याला ह्या फुलाफळांची चिंता नसते; बी धरावयाचें असेल तेवढीच झाडें तो त्यासाठीं राखून ठेवतो. हेझलचें फूल चुकलें तर वर्ष बुडालें. दालचिनीचें फूल चुकलें तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. ह्याचें कारण तिसऱ्या प्रश्नांत आहे.

माणसाला झाडाचा कोणता भाग हवा, हा तो तिसरा प्रश्न. एरवीं इतकीं भिन्न असलेलीं हीं दोन झाडें एका गुणांत मात्र सख्ख्या बहिणींसारखीं आहेत. दोहोंनाहि बुंध्याशीं कापलें तरी तीं मरत नाहींत. जमिनीलगत पुष्कळ धुमारे फुटतात आणि झाड पुन्हां उभें राहतें. परंतु हाच गुण एका ठिकाणीं उपद्रव ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यावरच सारें पीक उभें असतें.

हेझलची वाढ मुळांत झुडपासारखी असते, आणि त्याच्या बुंध्याशीं सतत नवे फुटवे येतात. हे फुटवे मूळ झाडाचें अन्न खातात आणि फळ कमी करतात. म्हणून ऑरेगनमधील बागांत प्रत्येक झाडाला एकच खोड ठेवून बाकीचे फुटवे वर्षांतून अनेक वेळां काढून टाकतात. तुर्कस्तानांत निराळी रीत आहे. तेथें पांच-सहा रोपें वर्तुळांत लावून त्यांचें एक बेट करतात. अशा बेटाला तिकडे ‘ओजाक’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ चूल असा आहे. चुलीभोंवतीं माणसें बसावीं तशीं तीं खोडें बसलेलीं असतात. खोड म्हातारें झालें म्हणजे तें कापून त्याच्या जागीं निवडक फुटवा वाढवितात; बाकीचे छाटतात. पद्धत कोणतीहि असो, नियम एकच : फळ हवें तर धुमारा आवरा.

इंग्लंडांत शेंकडों वर्षें ह्याच झाडाची जोपासना अगदीं उलट रीतीनें होत असे. तेथल्या शेतकऱ्यांना फळापेक्षां त्याच्या सरळ, लवचिक काठ्या हव्या होत्या. मेंढरांच्या वाड्याला कूड घालावयाला, भिंतींच्या कामट्या विणावयाला आणि गवती छपरें शाकारावयाला त्या उपयोगी पडत. म्हणून सात-दहा वर्षांनीं हेझल बुंध्याशीं कापीत आणि नवे धुमारे जपून वाढवीत. झाड तेंच, परंतु माणसाची गरज बदलतांच त्याची निगा बदलली.

दालचिनींत तर हीच मुख्य शेती आहे. आपण जी दालचिनी खातों ती झाडाची आंतली साल होय. झाड मोकळें सोडलें तर तें दहा-पंधरा मीटर उंच होतें. परंतु त्या थोराड खोडाची साल जाडीभरडी निघते आणि नीट सुटत नाहीं. म्हणून लावल्यापासून दोन-तीन वर्षांनीं रोप जमिनीपासून वीतभर उंचीवर कापतात. बुडख्याला पुष्कळ धुमारे फुटतात. त्यांतले चार-सहा सरळ व जोमदार असे ठेवून बाकीचे काढतात. हे धुमारे आंगठ्याएवढे किंवा थोडे अधिक जाड झाले आणि त्यांची साल हिरवी जाऊन तपकिरी होऊं लागली, म्हणजे कापणी करतात. मग पुन्हां धुमारे, पुन्हां कापणी. असा क्रम एकाच बुडख्यावर कित्येक वर्षें चालतो.

साल काढणें ही कला आहे. पावसानें झाडांत रस भरलेला असतांना साल लांकडापासून सहज सुटते. म्हणून आधीं सुरीनें एक लहानशी खांच घेऊन साल सुटते कीं नाहीं तें पाहतात, आणि सुटत असेल तरच कांडीला हात लावतात. कांडी कापल्यावर त्याच दिवशीं ती सोलावी लागते. उशीर झाला तर साल लांकडाला धरून बसते. वांकड्या सुरीनें वरची खरबरीत त्वचा खरवडून टाकतात. नंतर पितळेच्या कांबीनें कांडी घांसून साल सैल करतात. मग समोरासमोर दोन उभ्या चिरा देऊन दोन अर्धीं पन्हळें अलगद उचलून घेतात. हीं पन्हळें एकांत एक बसवून, पोकळींत सालीचे बारीक तुकडे भरून, लांब नळ्या करतात. श्रीलंकेंतील रिवाजाप्रमाणें अशी नळी बेचाळीस इंच लांबीची असते. ती प्रखर उन्हांत न ठेवतां सावलींत वाळवितात. वाळतांना साल दोन्ही बाजूंनीं आंत वळते आणि कागदाच्या सुरळीसारखी होते. ह्या कामांत कुशल माणसाच्या हातांची बरोबरी करणारें यंत्र अद्याप सर्वत्र रूढ झालेलें नाहीं. त्यामुळें दालचिनीचा भाव ठरतो तो झाडाइतकाच सोलणाऱ्याच्या बोटांवर.

हेझलचें पीक गोळा करणें त्या मानानें सोपें, पण कष्टाचें असतें. फळें पिकलीं म्हणजे गळून पडतात. ऑरेगनच्या सपाट बागांत यंत्रें जमीन झाडून तीं गोळा करतात. तुर्कस्तानच्या उभ्या डोंगरांवर यंत्र चढत नाहीं. तेथें हजारों मजूर कुटुंबें दुरून येऊन हातानें फळें वेंचतात, आणि त्यांत शाळेंत असावयाचीं लहान मुलेंहि राबतात, हें अनेक पाहण्यांत उघड झालें आहे. वेंचलेलीं फळें अंगणांत पसरून वाळवितात, भोंवतालचें पानासारखें आवरण काढतात, आणि मग कवच फोडतात. कवचासकट वजन केलें तर खाण्याचा गर साधारण निम्माच, किंबहुना त्याहून थोडा कमीच भरतो.

आतां उपयोगाकडे वळूं. हेझलनट हें अन्न आहे. दालचिनी ही रुचि आहे. शंभर ग्रॅम हेझलनटच्या गरांत सुमारें साठ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि पंधरा ग्रॅम प्रथिनें असतात. शिवाय ई जीवनसत्त्व भरपूर असतें. त्यांतलें तेल बहुतांशीं ऑलिव्ह तेलाच्या जातीचें आहे. मूठभर खाल्लें तर पोटाला आधार होतो. मात्र कांहीं लोकांना तें सोसत नाहीं, अंगावर पित्त उठतें किंवा घसा सुजतो. अशांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये. तेल अधिक असल्यामुळें सोललेला गर उष्ण हवेंत लवकर खवट होतो, म्हणून तो थंड जागीं ठेवावा लागतो.

चॉकलेटशीं त्याची जोडी जमली ती अडचणींतून, असें सांगतात. १८०६ सालीं नेपोलियननें इंग्लंडच्या व्यापाराची कोंडी केली, तेव्हां उत्तर इटलींतील तुरीन शहरांत कोको दुर्मिळ झाला. तेथल्या मिठाईवाल्यांनीं आसपासच्या टेंकड्यांवर पिकणारें हेझलनट भाजून, वाटून, थोडक्या कोकोंत मिसळलें. त्याच प्रदेशांत १९६४ सालीं ‘नुटेला’ ह्या नांवानें हें मिश्रण बरणींत भरून विकण्यास सुरुवात झाली, आणि तें आज खेड्यापाड्यांतल्या मुलांनाहि ठाऊक झालें आहे.

दालचिनीनें पोट भरत नाहीं, चिमूटभर पुरते. परंतु ह्या चिमटीसाठीं राज्यें लढलीं. पोर्तुगीज १५०५ सालीं श्रीलंकेंत आले. १६५८ पर्यंत डचांनीं त्यांना घालवून दिलें. १७९६ सालीं डचांची तेथील सत्ता इंग्रजांकडे गेली. ह्या साऱ्या काळांत दालचिनीचा मक्ता राज्यकर्त्यांनीं आपल्या मुठींत ठेवला. रानांतून साल काढून आणणाऱ्या सलागम जातीच्या लोकांवर ठराविक माल आणून देण्याची सक्ती होती, आणि तो वर्षानुवर्षें त्यांच्या पाठीवरचा जड बोजा होता. गव्हर्नर फाल्क ह्याच्या कारकीर्दींत, म्हणजे १७६५ ते १७८५ ह्या काळांत, डचांनीं कोलंबोजवळ दालचिनीचे मळे लावले. तोंवर जें झाड रानचें होतें तें तेव्हांपासून बागेचें झालें. कोलंबोच्या एका भागाला आजहि ‘सिनॅमन गार्डन्स’ हेंच नांव आहे. पुढें इंग्रजांच्या कंपनीनें मलबारांत अंजरकंडी येथें मळा घातला, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरहि ह्या झाडाची शिस्तशीर लागवड सुरू झाली.

ह्या एका झाडाचें आणखी एक आश्चर्य आहे. त्याच्या सालीच्या तेलांत मुख्य द्रव्य सिनॅमाल्डिहाइड, त्यामुळें दालचिनीचा ओळखीचा वास येतो. पानाच्या तेलांत मुख्य द्रव्य युजेनॉल, तें लवंगेंत असतें तेंच. म्हणून पान चुरगळलें तर लवंगेची आठवण होते. आणि मुळाच्या सालींत कापूर सांपडतो. एकाच झाडाच्या अंगांत तीन दुकानें! पानांचें तेलहि विकलें जात असल्यामुळें कापणींतला पाला वायां जात नाहीं.

आतां ‘वेरम’ म्हणजे ‘खरी’ ह्या विशेषणाचें कारण. ‘दालचिनी’ हा शब्द फारसी ‘दारचीनी’ वरून आला. त्याचा अर्थ चीनचें लांकूड. चीन, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया ह्या देशांत दालचिनीच्या भावकींतलीं दुसरीं झाडें आहेत. त्यांच्या सालीला ‘कॅशिया’ म्हणतात. आपल्या बाजारांत दालचिनी म्हणून मिळणारा पुष्कळसा माल हा कॅशियाच असतो. दोहोंची पारख सोपी आहे. खरी दालचिनी फिकट तपकिरी, कागदासारख्या पातळ सालींचे अनेक पदर एकांत एक गुंडाळलेली आणि हातानें सहज मोडणारी असते. तिचा वास मंद व गोडसर. कॅशिया लालसर काळपट, जाड, एकाच सालीची आणि लांकडासारखी टणक. चव तिखट व उग्र. पूड केली मात्र कीं ही पारख डोळ्यांना करतां येत नाहीं; म्हणून अखंड दालचिनी घेऊन घरीं कुटावी हें उत्तम.

ही पारख केवळ चोखंदळपणाची नव्हे. कॅशियांत कूमारिन नांवाचें एक द्रव्य बरेंच असतें. खऱ्या दालचिनींत तें जवळजवळ नसतेंच. कूमारिन दीर्घकाळ अधिक प्रमाणांत पोटांत गेलें तर कांहीं लोकांच्या यकृताला अपाय होतो. २००६ सालीं जर्मनींतील सरकारी संस्थेनें ह्याविषयीं लोकांना सावध केलें. त्यांच्या हिशेबाप्रमाणें दर किलो वजनामागें रोज ०.१ मिलिग्रॅम कूमारिनपर्यंत भय नाहीं. साठ किलो वजनाच्या माणसानें सामान्य कॅशियाची पूड रोज दोन ग्रॅम खाल्ली कीं ही मर्यादा गांठली जाते. आमटीभातांतल्या मसाल्यानें कोणी एवढ्यापर्यंत जात नाहीं. परंतु औषध म्हणून रोज सकाळीं चमचाभर पूड पाण्यांतून घेण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, तींत ही मर्यादा सहज ओलांडते. ज्याला यकृताचा विकार आहे, त्यानें तरी वैद्याच्या सल्ल्याशिवाय तसें करूं नये.

आतां पुन्हां आपल्या बागायतदाराकडे येऊं. हिंदुस्थानांत हेझल मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. हिमालयांत त्याची एक निराळी जात रानांत वाढते. हिमाचल प्रदेशाच्या चंबा जिल्ह्यांत पांगीचें खोरें आहे. तेथील लोक ह्या फळाला ‘ठांगी’ म्हणतात, आणि रानांतून तें वेंचून, वाळवून विकतात. साधारण दोन ते तीन हजार मीटर उंचीवरचें हें झाड. त्याच हिमालयाच्या खालच्या, उबदार उतारांवर दालचिनीच्या जवळच्या नात्यांतलें तमालपत्राचें झाड वाढतें. म्हणजे एकाच पर्वतानें दोघांना आपापली पायरी नेमून दिली आहे : बर्फाजवळ हेझल, उबेजवळ दालचिनीचें गोत. ज्याची जमीन काश्मीर-हिमाचलांत, थंडीचे तास भरपूर असलेल्या उंचीवर आहे, त्यानें हेझलचा विचार अवश्य करावा; मात्र एकमेकांस मानवणाऱ्या दोन-तीन जाती मिळवूनच.

कोंकणांतल्या बागायतदारानें दालचिनीच निवडावी. नारळी-पोफळीच्या बागेंतली विरळ सावली आणि दमट हवा तिला मानवते, आणि नारळाला उन्हाळ्यांत जें पाणी द्यावयाचें तेंच तिलाहि पोंचतें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें ‘कोंकण तेज’ ही जात शोधून दिली आहे, आणि नारळाच्या बागेंत दालचिनी, जायफळ, मिरी अशीं मसाल्याचीं झाडें मिसळून लावण्याची पद्धतहि तेथें घालून दिली आहे. बियांपासून रोपें करावयाचीं असतील तर पिकलेलें फळ हातीं येतांच बी धुऊन लगेच पेरावें. तें थोड्याच दिवसांत उगवण्याची शक्ति गमावतें. बियांच्या रोपांत आईचे सर्व गुण उतरतीलच असें नाहीं, म्हणून खात्रीच्या झाडापासून केलेलीं कलमें किंवा गुटी मिळाल्या तर अधिक चांगलें. पावसाच्या आरंभीं रोपें लावावीं. पाणी साचणारी जागा टाळावी. नव्या पालवीवर दालचिनीच्या फुलपांखराच्या अळ्या पडतात; लहान रोपांवर त्यांचें लक्ष ठेवावें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, झाडें लावण्याबरोबरच घरांतल्या एकदोघांनीं साल काढण्याचें शिक्षण घ्यावें. झाड तयार झालें आणि सोलणारा मिळाला नाहीं, तर तीन वर्षांची मेहनत बांधावर वाळत पडते. हाताखालच्या गड्याला हें शिकवावयाचें असेल, तर त्याला त्या कौशल्याचा मोबदलाहि नीट द्यावा. सलागम लोकांच्या नशिबीं जें आलें, तें आतां कोणाच्याहि नशिबीं येण्याचें कारण नाहीं.

हेझलनट खावयाचें असेल तर तें दुकानांतून सुखानें आणावें. कोंकणच्या परसांत त्याचें झाड वाढवूं नये. त्या जागीं दालचिनीचीं चार रोपें लावलीं तर तिसऱ्या वर्षीं घरच्या मसाल्यापुरती साल घरांतच निघेल. पहिल्यांदा ती वेडीवांकडी निघेल, नळी नीट वळणार नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या कापणीला हात बसेल, आणि त्याच बुडख्याला तोंपर्यंत नवे लाल धुमारे फुटलेले असतील.